पितरांच्या नोटा आणि सरकारचं फर्मान

दर एप्रिलला, 4-5 तारखेच्या सुमारास, चिनी लोकांचा छिंगमिंग हा पितरांचा सण येतो आणि सोबत तोच जुना वाद घेऊन येतो. त्या दिवशी घरची माणसं पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, गवत काढतात, फळं आणि दारू ठेवतात आणि पितरांसाठी बनवलेल्या खोट्या कागदी नोटा जाळतात. इथे जाळलेलं पलीकडे पोचतं, ही श्रद्धा. हल्ली नोटांबरोबर कागदी बंगले, गाड्या, मोबाईलही जातात. या कागदांवर धातूचा वर्ख आणि रंग असतात. त्यामुळे धुरात बारीक कण, राखेत जड धातू, आणि कोरड्या डोंगरउतारावर वणव्याची भीती.

हे कमी व्हायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कसं? 2024 मध्ये ज्यांगसू प्रांतातल्या नानथोंग शहराने या नोटा बनवण्या-विकण्यावर बंदी घातली आणि त्यांना 'सरंजामी अंधश्रद्धे'च्या वस्तू म्हटलं. चीनमध्येच त्यावर टीकेची झोड उठली. मलाही हे पटत नाही. हवा बिघडते म्हणा, लोक ऐकून घेतील. आईच्या थडग्यापुढे वाकलेल्या माणसाला अडाणी ठरवलंत, तर तो पुढच्या वर्षी लपून जाळेल.

तैवानमध्ये वेगळी वाट निघाली. तिथल्या नगरपालिका नोटा गोळा करून धूर गाळणाऱ्या मोठ्या भट्टीत एकत्र जाळतात, आणि त्याआधी विधिवत पूजाही करतात. कुणी नोटांऐवजी तांदूळ वाहतं, ते गरजूंना जातात. तैपेईच्या शिंगथ्यान मंदिराने 2014 मध्ये उदबत्तीची धुपाटणीच काढून टाकली. हा निर्णय मंदिराचा स्वतःचा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण 2017 मध्ये सरकारच उदबत्ती बंद करणार अशी आवई उठली, तेव्हा हजारो भाविक देवांच्या मूर्ती घेऊन तैपेईच्या रस्त्यावर उतरले. (मंदिराबाहेर उदबत्ती विकणाऱ्यांच्या पोटाचं काय, हे मात्र सुधारणेच्या उत्साहात फार कमी जण विचारतात.)

मुळात परंपरेतच याला आधार आहे. विधीत थाटामाटापेक्षा साधेपणा बरा, आणि शोकात सोपस्कारापेक्षा खरं दुःख मोलाचं, हे कन्फ्यूशियसनेच सांगून ठेवलंय. नानथोंगच्या अधिकाऱ्यांनी आपल्याच मातीतलं हे वचन लोकांपुढे ठेवायला हवं होतं. आणि कारवाई करायचीच असेल, तर ती आधी वर्ख आणि रंग थापणाऱ्या कारखान्यांवर करा. थडग्यावर आलेल्या म्हातारीच्या हातातलं पुडकं हिसकावू नका.