म्हणे शॉर्टकट!

कुठल्याही लग्नात गेलं की तेच. "वजन कमी करायला इंजेक्शन कशाला गं? हा तर शॉर्टकट! रोज चालायला जा की!" अहो काकू, चालतेच आहे मी! मौंजारो हे वजन कमी करायचं इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. मला डॉक्टरांनी तपासण्या करून ते लिहून दिलंय. २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग किमान चार आठवड्यांनी डोस वाढवायचा. मळमळ, बद्धकोष्ठता सोसायची, वर महिन्याला हजारो रुपये. हा शॉर्टकट? बीपीची गोळी घेणाऱ्याला कुणी असं सुनावतं का? आणि खरा संताप पुढेच आहे. याच काकू नंतर कोपऱ्यात गाठून विचारतात, "मेडिकलमधून मलाही आणून दे ना." चिठ्ठीशिवाय? पित्ताशयात खडे होऊ शकतात, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते! कितीदा सांगू, आधी डॉक्टरकडे जा!