पोलिसाने स्वतः बघितलं, मग अजून कळवायचं कुणाला?

आज संध्याकाळी डोळ्यादेखत बघितलं, रस्त्याच्या मधोमध भलामोठा दगड, पोलिसांची गाडी आली, दगडाला वळसा घातला आणि निघून गेली. शेवटी आम्ही तिघांनी ढकलून कडेला लावला. डोकं अजून तापलेलंय.

कारण दादाचा अपघात आठवला. ट्रक कलंडलेला, पोलिसांनी तो हलवला, वाहतूक सुरू केली, रस्त्यावर लावलेले इशाऱ्याचे प्लास्टिकचे कोन उचलले आणि गेले. डिझेल तसंच रस्त्यावर! अर्ध्या तासात दादाची बाइक त्यावरून सरकली, मांडीचं हाड मोडलं. विचारायला गेलो तर म्हणे "तेल सांडल्याची तक्रार कुणी दिली नव्हती". अहो, तुम्ही त्या तेलात उभे होतात ना?

इंग्लंडमध्येही हेच. मार्च २०१४, ए४१३ रस्ता. बर्फावरून एकाची गाडी उलटली, त्याने पोलिसांना फोन केला आणि स्वतः जखमी असताना येणाऱ्या गाड्यांना हात करत राहिला. पोलिस आले तसा तो थांबला, कुणीही थांबेल. त्यांनी बोर्ड लावला, रस्ता झाडला, बोर्ड काढून गेले. वीसेक मिनिटांत त्याच बर्फावर पुढची गाडी घसरून समोरच्या गाडीवर आदळली, दोन्ही ड्रायव्हरांचा जीव गेला. आणि २०२४ ला तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणतं पोलिसांवर भरपाईची जबाबदारी येत नाही, कारण धोका त्यांनी वाढवला नाही, नुसता कमी केला नाही! पोलिस आल्यामुळे त्या माणसाने गाड्यांना सावध करणं थांबवलं, हा मुद्दाही टिकला नाही, कारण तो सावध करत होता हे पोलिसांना माहीत होतं किंवा कळायला हवं होतं असं दाखवता आलं नाही.

बरं, मान्य, जे कुणी कळवलंच नाही ते त्यांना कसं कळणार, त्यासाठी कोर्टात खेचू नका. पण जे पोलिसाने स्वतः बघितलं ते कळवलेलंच धरा, कायद्यात तसं लिहा, मग बघू कोन कोण उचलतंय.

लिहिता लिहिता राग जरा उतरला, कारण त्या रात्रीचा तो पोरगेलासा पोलिस आठवतोय. दादा पडल्यावर तोच परत आला. स्वतःचं जॅकेट काढून दादाच्या डोक्याखाली ठेवलं, अँब्युलन्स येईपर्यंत हात धरून बसला, एक शब्द बोलला नाही. त्याच्या बुटांना डिझेलचा वास येत होता. मागे त्यांच्या गाडीचं दार उघडं होतं आणि आत कोन दिसत होते, एकात एक नीट बसवून ठेवलेले.