सरकारी नवरात्राचे रंग

अमेरिकेत मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्यावर, असलेल्या आईबाबांना पासष्टी गाठल्यावर मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, लागलं, की टपालपेटीत नवरात्र सुरू होतं. जांभळं पत्र म्हणजे औषधांच्या खर्चाला 'एक्स्ट्रा हेल्प' आपोआप मिळाली. पिवळं म्हणजे सरकारने तुम्हाला औषधांच्या विम्याच्या अमुक प्लॅनमध्ये घातलं. निळं म्हणजे त्यातून उचलून दुसरीकडे ठेवलं. नारिंगी म्हणजे मदत आहे, पण औषध घेताना भरायचे पैसे बदलले. आणि राखाडी आलं, तर पुढच्या जानेवारीपासून मदत आपोआप मिळणार नाही. बाकीचे रंग चहा घेत वाचले तरी चालतील. राखाडी दिसलं की चहा गार होऊ द्यावा आणि सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन-कचेरीकडे मदतीचा अर्ज टाकावा.

हा खेळ १ जानेवारी २००६ पासूनचा. त्या दिवशी मेडिकेड आणि मेडिकेअर दोन्ही असलेल्या अशा दुहेरी लोकांच्या औषधांचं बिल मेडिकेडकडून मेडिकेअरच्या पार्ट डीकडे, म्हणजे त्याच्या औषधविम्याकडे, गेलं. मेडिकेअर लागलं की औषधांपुरते मेडिकेड हात वर करतं. नव्या प्लॅनचं कार्ड हातात पडलंय का, याची चौकशी ते करत नाही. शिवाय प्लॅन नेमतात तो चिठ्ठ्या टाकल्यासारखा. छत्तीस गुण बघून लग्नं जुळवणारी आपण माणसं. इथे बाबांची गोळी प्लॅनच्या यादीत आहे का, हा एक गुणसुद्धा कुणी बघत नाही.

मग फार्मसीच्या खिडकीवर जुनं कार्ड 'रिजेक्ट' होतं. "अहो, गेल्या महिन्यात तर मिळाल्या होत्या!" हे आईचं वाक्य खरं असलं तरी कॉम्प्युटर ऐकत नाही. वाद घालू नका, मेडिकेअरचा नंबर द्या. त्यावरून फार्मसीला तुमचा प्लॅन शोधता येतो. प्लॅनच लागला नसेल, तर मेडिकेडचा पुरावा दाखवून 'लाय नेट' या तात्पुरत्या सोयीवर बिल लावायला सांगा. प्लॅन आहे, पण चालू गोळी यादीत नाही? पहिल्या ९० दिवसांत एकदा महिनाभराचा पुरवठा मागता येतो. तो संपेपर्यंत स्वस्थ बसणं ही आपली खास चूक. त्याच दिवशी डॉक्टरांकडून प्लॅनकडे अपवादाची, म्हणजे यादीत नसली तरी ही गोळी द्या अशी, मागणी पाठवा. त्यांचं कारणपत्र पोचल्यावर प्लॅनला ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं, तातडी असेल तर २४ तासांत. नाहीच जमलं, तर एक्स्ट्रा हेल्पवाल्यांना महिन्यातून एकदा, फक्त औषधांच्या स्वतंत्र प्लॅनमध्ये जाता येतं. तो पुढच्या एक तारखेपासून लागू.

फोनवर मेडिकेअरचा नंबर सांगताना एक लक्षात ठेवा: त्या अकरा अक्षर-अंकांत एस, एल, ओ, आय, बी आणि झेड कधीच नसतात. बाबा चष्मा पुसून कितीही ठासून 'ओ' म्हणाले, तरी तो शून्यच.

आणि मेडिकेडचं जुनं कार्ड टाकू नका. पार्ट डी ज्यांना हात लावत नाही, अशी काही बिनचिठ्ठीची औषधं काही राज्यांत अजून त्याच कार्डावर मिळतात.