पीएच पडला की रिॲक्टरलाच का फाशी?

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत पोवळी असलेला टँक, ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला गेली कित्येक वर्षं हातोहात फिरतोय. पोवळ्यांना कॅल्शियम पुरवायला लावलेला कॅल्शियम रिॲक्टर म्हणजे टँकमध्ये रात्रंदिवस आम्ल सोडणारं यंत्र, तो लावला की टँकचा पीएच ७.८ च्या खाली जाणारच, असं त्यात म्हटलेलं असतं. पुढे तीन उपाय. रिॲक्टरमधला पीएच ७.२ च्या वर ठेवा, टँकमध्ये खायचा सोडा घाला आणि पीएच बघून वायू चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरचा प्रोब रिॲक्टरमधून काढून टँकमध्ये लावा. एवढं करूनही पीएच हलला नाही तर रिॲक्टर विकून टाका.

सुरुवातीचा आरोप अर्धा खरा आहे, म्हणून सल्ला खपतो. उपाय मात्र तिन्ही फसलेले आहेत.

आधी आरोप बघू. रिॲक्टरच्या नळकांड्यात ॲरागोनाइटचे (कॅल्शियम कार्बोनेटचे) खडे असतात. त्यातून फिरणाऱ्या टँकच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साधारण ६.५ ते ६.७ वर आणला की खडे विरघळायला लागतात आणि पाण्याला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळतं. खडे विरघळवताना जो वायू खर्ची पडला, तो तेव्हापुरता आम्ल उरत नाही. न वापरलेला वायू बाहेर पडणाऱ्या पाण्यासोबत संपमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या टाकीत, येतो आणि तो पीएच खाली ओढतो. इथवर सल्ला बरोबर.

सल्ल्यात नसलेली गोष्ट पुढे आहे. पोवळं बायकार्बोनेटपासून सांगाडा बांधतं तेव्हा त्यातला निम्मा कार्बन सांगाड्यात जातो आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड होऊन पुन्हा पाण्यात येतो. बायकार्बोनेट रिॲक्टरमधून आलं की द्रावण मोजून सोडणाऱ्या डोसिंग पंपातून, याने त्यात काही फरक पडत नाही. म्हणजे रिॲक्टर विकून खायच्या सोड्याच्या डोसिंगवर गेलात तरी हा हिस्सा तुमच्या मागे येणारच. नीट लावलेल्या रिॲक्टरमुळे टँकचा पीएच साधारण ०.१ ते ०.२ ने उतरतो. तुमचा ०.४ ने उतरला असेल तर बाकीचं कुठून आलं, हे शोधायला हवं.

बहुतेक वेळा ते खोलीच्या हवेतून आलेलं असतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो. दारं-खिडक्या लावून दोघं जण रात्रभर झोपले तर खोलीत तो सहज हजाराच्या पुढे जातो. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, तीच राहून हवेतला हा वायू दुप्पट झाला की पाण्याचा पीएच जवळजवळ ०.३ ने खाली येतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच गार करून फिरवतो. त्यामुळे मुंबईतला पावसाळा काय, दुबईतला उन्हाळा काय किंवा न्यू जर्सीतला हिवाळा काय, घर बंद झालं की पीएच पडतो. रिॲक्टर नसलेल्या टँकचाही पडतो.

खात्री करायला एक पेला पुरतो. टँकचं पाणी पेल्यात घ्या, पीएच मोजा, पेला बाल्कनीत नेऊन एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडा आणि पुन्हा मोजा. आता हेच ताज्या पाण्यावर घरात करा. बाल्कनीत पीएच चढला आणि घरात जवळपास तसाच राहिला, तर दोष घरातल्या हवेचा. दोन्हीकडे चढला, तर वायू टँकमध्ये साठतोय. मग स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र), पाण्याची पृष्ठभागावरची हालचाल आणि रिॲक्टरचं बाहेर पडणारं पाणी तपासायचं.

आता ७.२ चा उपाय. समजा ३०० लिटरचा टँक आहे, अल्कलिनिटी ८ डीकेएच (हे तिचं एकक) आहे आणि पोवळी दिवसाला २ डीकेएच खातात. रिॲक्टर ६.६ वर असेल आणि त्यातून २८ डीकेएचचं पाणी येत असेल, तर प्रत्येक लिटर टँकपेक्षा २० डीकेएच जास्त घेऊन येतो. दिवसाला ३० लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण २१ मिली पुरे. पीएच ७.२ वर नेला की खडे जेमतेम विरघळतात. पाणी १२ डीकेएचचं आलं तरी नशीब समजा. मग तेवढ्याच कामाला दिवसाला १५० लिटर लागतात, म्हणजे मिनिटाला शंभर मिलीच्या वर. प्रत्येक लिटरमधला वायू कमी झाला, पण लिटर पाचपट झाले, त्यामुळे हिशेबाअंती फायदा वाटतो तेवढा मोठा उरत नाही. आणि एवढ्या वेगाने पाणी सोडलं की ते खड्यांजवळ टिकत नाही, मग १२ सुद्धा येत नाही. अल्कलिनिटी घसरली की त्यासोबत पीएचही घसरतो!

खायच्या सोड्याबद्दल थोडक्यात. ८.२ च्या पाण्यात तो घातला तर पीएच चढत नाही, उलट किंचित उतरतो. पीएच चढवतो तो धुण्याचा सोडा, पण पाण्यातला जादा वायू तसाच असेल तर तो चढ टिकत नाही. मागे उरते ती अल्कलिनिटी. रिॲक्टर चालू असताना वरून सोडा घालत राहिलात तर ती १२-१३ वर जाते आणि हीटरवर, पंपाच्या इम्पेलरवर पांढरी खर बसायला लागते.

कंट्रोलरचा प्रोब टँकमध्ये लावण्याचा सल्ला सगळ्यात महागात पडतो. दिवे बंद झाले की प्रकाशसंश्लेषण थांबतं, पीएच रात्री उतरतो, पहाटे नीचांक गाठतो. टँकच्या पीएचवर सोलेनॉइड (वायूची विजेवर चालणारी झडप) बांधला तर रात्रभर रिॲक्टरचा वायू बंद, सकाळी चालू. रिॲक्टर दिवसभर ६.६ आणि ७.४ च्या मध्ये हेलकावे खातो आणि अल्कलिनिटीचा ताळमेळ सुटतो. पोवळ्यांना ७.९ च्या स्थिर पीएचपेक्षा हे जास्त झोंबतं. प्रोब रिॲक्टरमध्येच हवा, आणि महिन्याकाठी ४ व ७ च्या द्रावणात कॅलिब्रेट केलेला हवा. टँकमध्ये दुसरा प्रोब जरूर लावा, पण तो फक्त ७.७ च्या खाली वायू तोडण्यापुरता. सोलेनॉइड अडकून वायूची बाटली रिकामी व्हायला लागली तर तोच टँक वाचवतो.

मग पीएच खरंच वर हवा असेल तर? स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा. स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय हाच. खिडकी शक्य नसेल तर नळीवर कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमचा डबा लावा. रिॲक्टरनंतर खड्यांचं दुसरं नळकांडं जोडलं तर उरलेला वायू तिथे खर्ची पडतो आणि पाणी चढ्या पीएचने बाहेर येतं. रात्री बाष्पीभवनाची भर साध्या आरओच्या पाण्याऐवजी चुन्याच्या निवळीने थेंबथेंब केली तर चुना वायू पकडतो, वर कॅल्शियमही देतो. मात्र संपृक्त निवळी ४ लिटर गेली तर ३०० लिटरच्या टँकची अल्कलिनिटी दीड डीकेएचने वाढते, म्हणून तेवढा रिॲक्टर कमी करायचा. टपरीवरचा पानाचा चुना वापरू नका, त्यात काय मिसळलंय कळत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या.

याच सल्ल्याला अधूनमधून एक शेपूट जोडलेलं दिसतं: खडे महाग पडतात, मालवणला गेलात की किनाऱ्यावरची मेलेली पोवळी गोळा करून आणा. दगडी पोवळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडाही उचलू नका.