कूपातली माणसं

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात बाबा एका वखारीत मुनीम होते. शाळा सुटली की मी तिथे ओंडक्यांवर जाऊन बसायचे. ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याचा ठसा, नंबर, मापं. ते बघून बाबा सांगायचे, हा बल्लारशाचा, हा वलसाडी.

परवा दारासाठी साग बघायला भावाबरोबर तिथेच गेले. घनफुटाचा दर, गाठी, लाकूड वाळलंय की ओलं, सगळं विचारून झालं. झाड पाडलं कोणी, हे मात्र आमच्या तोंडी आलं नाही. मला तरी यायला हवं होतं. काही वर्षांपूर्वी गडचिरोलीतल्या एका कूपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, मी अख्खा दिवस थांबले होते.

तिथल्या माणसाने आधी बुंध्याभोवतीचा पाला सारला, वेली तोडल्या, मागे पळायला वाट मोकळी केली. झाड जिकडे पाडायचं त्या अंगाला खाच घेतली आणि मग दुसऱ्या बाजूने करवत लावली. झाड ठरल्या जागी आडवं झालं. नंतर तो खुंटाकडे वळला. खुंट जमिनीलगत आणि उतरता ठेवायचा असतो. का, विचारलं तर म्हणाला, "पाणी साचलं का खुंट सडते, मॅडम. मग फुटवा नाही येत." सागाला खुंटातून पुन्हा धुमारे फुटतात. म्हणजे पुढचं झाड कसं वाढणार, हेही त्याच्याच हातात!

सगळ्यात भीती अडकलेल्या झाडाची. तोडलेलं झाड शेजारच्या फांद्यांत अडकतं, ते कधी आणि कुठे कोसळेल सांगता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जंगलकामाला जगातल्या सर्वांत धोकादायक कामांत धरते. त्या कूपात मला एकाच्याही डोक्यावर हेल्मेट दिसलं नाही.

२०२३ मध्ये पुण्यातली वेताळ टेकडी रस्त्यापासून वाचवायला निघालेल्या मोर्चात मीही चालले होते, आणि पुन्हा चालेन. पण झाड तोडणारा तेवढा वाईट, असं आपल्याकडे सहज बोललं जातं, ते मला पटत नाही. टेकडीवरून रस्ता नेणं वेगळं आणि वनखात्याच्या आराखड्याप्रमाणे, खूण केलेलं झाडच पाडणं वेगळं. सागाचं दार आपल्याला हवं असतं, मग हा माणूस डोळ्यांआड का?

१९४७ साली, बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात, मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या सुरू झाल्या. ठेकेदाराच्या तावडीतून आदिवासी मजूर सुटावा आणि कूपाच्या कामातला नफा त्याच्याच हाती यावा, ही त्यामागची कल्पना. मला ती आजही योग्य वाटते. या माणसाला कसबी कारागिराचा रोज मिळायला हवा, अपघात विमा हवा, आणि हेल्मेट तर पहिल्या दिवसापासून.

इथे वनखात्यातले किंवा अशा सोसायट्यांशी संबंधित कुणी असाल, तर तुमच्या भागातल्या कूपांत यातलं काय मिळतं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. जिथे मिळत नसेल, तिथल्यासाठी अर्ज, पत्रं लिहायला मी आहे.