दारू परकीयांनी आणली म्हणे!

'प्राचीन भारतात दारू नव्हतीच. ती आधी मुसलमान आक्रमकांनी आणली, मग इंग्रजांनी घरोघर पोचवली. आपले पूर्वज फक्त सोमरस घेत, आणि तो औषधी काढा होता.' हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरतोय.

पहिला दावा ऋग्वेदातच कोसळतो. सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणाकडे क्षमा मागतात आणि पाप घडण्याची कारणं सांगतात: सुरा म्हणजे दारू, राग, फासे, अज्ञान. जी गोष्ट नव्हतीच तिच्यावर खापर कसं फोडणार?

सोमाचं अर्धंच खरं. सोम आणि सुरा वेगळे होते, हे मान्य. सोम कुटून, लोकरीतून गाळून, बऱ्याचदा दूध घालून त्याच दिवशी वापरत. आंबायला वेळच नसे. शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ तर सोमाला सत्य आणि सुरेला असत्य म्हणतं. पण ती वनस्पती कोणती यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, मग 'औषधी काढा' कशावरून? आणि सौत्रामणी यज्ञात सुरेचीही आहुती पडे, ते सोयीस्करपणे गाळलेलं दिसतं.

आता कौटिल्य. अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे, आजच्या भाषेत अबकारी खात्याचा साहेब. मेदक नावाची तांदळाची दारू करायची कृती मापासकट दिली आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व, म्हणजे आंबवण. गुत्त्यात वेगळ्या खोल्या, पलंग, फुलं, पाणी हवं. गिऱ्हाईक झिंगून झोपलं आणि त्याचे दागिने गेले, तर भरपाई दुकानदाराने द्यायची, वर तेवढाच दंड! उत्सव-जत्रेत चार दिवस दारू करायची मोकळीक.

याचा अर्थ सगळे खुशाल पीत असाही नाही. मनुस्मृती ब्राह्मणाला सुरा वर्ज्य करते, बुद्धाचं पाचवं शील मद्याविरुद्ध आहे, महाभारतात यादव प्रभासक्षेत्री दारूच्या नशेतच एकमेकांना मारतात. हा वाद घरातलाच, आपसातला.

राहिले परकीय. इस्लामात दारू निषिद्ध आहे, एवढं तरी मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं. परदेशी दारू आली हे मात्र खरं, पण कितीतरी आधी. पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक सागरी व्यापाराचा ग्रंथ गुजरातेतल्या भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात द्राक्षमद्य नोंदवतो, त्यातही पसंती इटलीच्या मद्याला. रोमन मद्यकुंभांची खापरं आपल्या नेवाशाच्या उत्खननातही सापडली आहेत.