जरासं रोलिंग आहे, दाजी

माझा मेहुणा खोटं बोलत नाही. तो सायकलवाला आहे. रस्ता भिंतीसारखा समोर उभा राहिला तर तुम्ही-आम्ही त्याला चढ म्हणतो. सायकलवाले त्याला ‘रोलिंग’ म्हणतात. “दाजी, जरासं रोलिंग आहे,” हे त्यानं मला दोन दिवसांत किती वेळा ऐकवलं ते मोजलं नाही, पण शेवटी शेवटी तो नुसतं ‘दाजी’ म्हणाला तरी माझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे.

तो गेली सहा वर्षं लिस्बनला असतो. मे महिन्यात आम्ही नवराबायको त्याच्याकडं गेलो, तेव्हा त्यानं बेत सांगितला. तोमार, फातिमा, बताल्या, तिथं मुक्काम; दुसऱ्या दिवशी आल्कोबासा आणि शेवटी समुद्रकाठचं नझरे. दोन दिवस, नव्वदेक किलोमीटर, वाटेत मठ, देवळं आणि ऑलिव्हची झाडं. मी साताऱ्यात दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढतो. म्हणजे अर्धा चढतो, तिथून फोटो काढतो आणि मिसळ खायला खाली येतो. ही कीर्ती बायकोनं भावापर्यंत पोचवून ठेवली होती. “अहो, जा की. एरवी एवढं मिरवता ना?” असं म्हणून ती वहिनीबरोबर बाजारात गेली.

भाड्याची सायकल देखणी होती. तिचं सॅडल ज्यानं बनवलं त्यानं मात्र बसलेला माणूस कधी पाहिला नसावा. शिवाय पॅडच्या चड्डीवर मी फार विसंबून होतो. ती चड्डी दुखणं थांबवत नाही, फक्त अर्धा तास पुढं ढकलते. आणि तोमारच्या जुन्या गावात रस्ते दगडी. मुठीएवढे चौकोनी दगड शेजारी शेजारी ठोकून बसवलेले. पाच मिनिटांत दातांतली सिमेंट सुद्धा हलली.

तोमारचा मठ अर्थातच टेकडीवर. टेम्पलर नावाच्या लढाऊ साधूंनी ११६० मध्ये तिथं गढी बांधली आणि आत एक गोल प्रार्थनामंदिर उभं केलं. बाहेरून सोळा बाजूंचं, आत सोन्याच्या मुलाम्यानं आणि चित्रांनी मढवलेलं. ते इतकं ऐसपैस का, तर हे वीर घोड्यावर बसूनच प्रार्थनेला यायचे म्हणे. मेहुण्यानं ही दंतकथा सांगितली तेव्हा मला ती उद्धटपणाची हद्द वाटली. संध्याकाळपर्यंत माझं मत पार बदललं. एकदा खोगिरावरून उतरलेला माणूस पुन्हा त्यावर बसायला धजत नाही. बिचारे उतरत नव्हते, यात नवल कसलं?

तोमारहून ओरेमपर्यंत मी गप्पा मारत होतो. ओरेमनंतर फातिमाचा चढ लागतो. देव आणि देवी हे लोक सपाटीवर का राहत नाहीत, हा प्रश्न मला सप्तशृंगीला आणि जेजुरीला पडला होताच. आता कळलं, पोर्तुगालमध्येही तीच पद्धत आहे. उत्तरेला मोंदीं गावाच्या डोंगरावर सेन्योरा द ग्रासा म्हणून मेरी माउली आहे, तिच्या पायाशी तर पोर्तुगालच्या सायकल शर्यतीचा टप्पा संपतो. म्हणजे दर्शन आणि दमछाक एकाच तिकिटात. (हे मेहुण्यानं उत्साहानं सांगितलं. “पुढच्या वर्षी, दाजी.” मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.)

त्या चढावर दोन गोष्टींनी माझी अब्रू घालवली. पहिली म्हणजे सौजन्य. तिथल्या कायद्यानं सायकलला ओलांडताना गाडीनं दीड मीटर अंतर सोडायचं असतं. आपल्याकडं ट्रक दीड वितीवरून हॉर्न वाजवत जातो आणि आपण घाबरून का होईना, जोर लावतो. इथं माझ्यामागं सात गाड्या, एक ट्रॅक्टर आणि एक पावाची गाडी गोगलगायीच्या गतीनं येत होती. कुणी हॉर्न देईना, कुणी शिवी देईना. एखाद्यानं दिली असती तर मीही देऊन मोकळा झालो असतो.

दुसरी गोष्ट पायी चालणाऱ्यांची. १३ मेच्या यात्रेला माणसं दूरदूरच्या गावांहून फातिमाला चालत येतात, अंगात चमकणारी जाकिटं घालून. कुणी रस्त्याकडेला बसून तळपायाच्या फोडांना मलम लावत होतं, कुणी वाटसरूंना संत्री वाटत होतं. टाळ-मृदंग तेवढे नव्हते, नाहीतर दिवे घाटच. त्यातल्या काठी टेकत चालणाऱ्या एका आजींनी मला ओलांडलं. ओलांडताना त्या माझ्या पाठीवर थाप मारून “फोर्सा!” म्हणाल्या. म्हणजे जोर लाव. मी सगळ्यात हलक्या गिअरवर होतो.

तिथंच मला पंढरपूरचं कोडं सुटलं. पांडुरंग अठ्ठावीस युगं विटेवर उभाच का, याची भक्तीपर कारणं आपण खूप ऐकली आहेत. माझ्या मते तो त्याआधी सायकलवरून कुठंतरी जाऊन आला असणार.

फातिमाला १९१७ साली मेंढ्या राखणाऱ्या सात, आठ आणि दहा वर्षांच्या तीन मुलांना माउलीचं दर्शन झालं, मे ते ऑक्टोबर, दर महिन्याला. आज तिथं अफाट मोठं पटांगण आहे. त्यात गुळगुळीत दगडाची एक लांब पट्टी चॅपलपर्यंत उतरत जाते आणि तिच्यावरून लोक गुडघ्यांवर चालत जातात. एक तिशीतला बाप्या तसा चालला होता, शेजारून त्याची लहान मुलगी त्याचा हात धरून. ती मध्येमध्ये थांबायची, त्याला दम खाऊ द्यायची. सॅडलबद्दल मी मेहुण्याला काहीतरी सुनावणार होतो, ते राहून गेलं.

पण दुखणं तर होतंच. फातिमात मेणाचे अवयव मिळतात. ज्याचं जे दुखतं ते विकत घ्यायचं आणि मेणबत्त्यांच्या त्या भल्यामोठ्या आगीत अर्पण करायचं. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत हे मी पाहिलेलं होतं, म्हणून आत्मविश्वासानं दुकानात शिरलो. पाय होते, हात होते, डोकं, हृदय, आतडीसुद्धा. मला हवा असलेला अवयव कुठंच दिसेना. दुकानातल्या बाईंनी विचारलं, काय हवं? मेहुणा नेमका फोनवर. मी आधी गुडघ्याकडं बोट केलं, मग कंबरेकडं, मग लाजत लाजत आणखी थोडं मागं आणि खाली. त्यांनी पाय दाखवला. मी नाही म्हटलं. त्यांनी लहान बाळ दाखवलं. मी घाईघाईनं नाही म्हटलं. मग मी सॅडलवर बसल्याचा अभिनय केला आणि चेहऱ्यावर जे खरं होतं ते येऊ दिलं. बाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी फळीवरून वीतभर उंचीचा अख्खा मेणाचा माणूस काढला आणि माझ्यासमोर ठेवला. त्याची पाठ माझ्याकडं वळवून त्यांनी योग्य जागी बोटही ठेवलं. व्यवहार पुरा झाला. तो माणूस मी आगीत सोडला तेव्हा तो आधी नेमका तिथंच वितळला, ते मी शुभशकुन मानलं.

शकुन अर्धा तास टिकला. बताल्याकडं उतरताना चुनखडीचा डोंगर लागतो; दगडांच्या कोरड्या भिंती, अंजिरं आणि ऑलिव्ह. तिथं माझं चाक बसलं. जादा ट्यूब मेहुण्यानं आणली होती, ती दुसऱ्याच मापाची निघाली. म्हणजे पॅच लावणं आलं, आणि भोक शोधायला पाण्यात ट्यूब बुडवणं आलं. समोरच्या घरातून काळ्या कपड्यातल्या एक आजी बाहेर आल्या. मेहुणा फोनमध्ये ‘पसरट भांडं’ला काय म्हणतात ते शोधत बसला. मी वैतागून मराठीत ओरडलो, “आजी, बादली! बादली!” आजी आत गेल्या आणि पाण्यानं भरलेली बादली घेऊन आल्या. तिला त्या ‘बाल्द’ म्हणतात. मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग मला चेवच चढला. “साबण?” म्हटलं, ‘साबाँव’ आला. पाव मागितला तर पाव. चारशे वर्षांपूर्वी आपल्याकडं उतरलेले शब्द त्यांच्याच दारात परत करत मी सुटलो. निघताना ‘मेज’ आणि ‘पगार’ शिल्लक राहिले, पण त्यांचा प्रसंग आला नाही.

बताल्याचा मठ एका लढाईच्या नवसाचा आहे. १३८५ मध्ये शेजारच्या कास्तील राज्याच्या सैन्याचा पाडाव झाला आणि राजानं पुढच्याच वर्षी काम काढलं. ते सव्वाशे वर्षांहून जास्त चाललं, तरी मागची प्रार्थनामंदिरं बिनछपराचीच राहिली. कमानींवर दगडी नक्षीकाम इतकं, की लेस विणलीय म्हणावं. वर बघावं तर आभाळ. आमच्या कॉलनीतल्या एका बंगल्याचा स्लॅब गेली अकरा वर्षं राहिलाय, त्या मालकाला हा फोटो पाठवून दिला. ‘हेरिटेज’ एवढंच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी मी सॅडलवर बसलो नाही, टेकलो. आल्कोबासाच्या मठात तरी शांतता मिळेल असं वाटलं. तिथं राजा पेद्रू आणि त्याची प्रेयसी इनेश समोरासमोर कबरीत निजली आहेत. इनेशला १३५५ मध्ये पेद्रूच्या बापानं मारवलं. पुढं राजा झालेल्या पेद्रूनं दोघांच्या चुनखडीच्या दगडाच्या कबरी घडवून घेतल्या. आज त्या पायाला पाय अशा ठेवलेल्या आहेत. कयामतीच्या दिवशी उठल्या उठल्या पहिल्यांदा एकमेकांचं तोंड दिसावं म्हणून, असं सांगतात. सगळे पर्यटक गहिवरले होते. मी मात्र ही माणसं साडेसहाशे वर्षं आडवी पडून आहेत, याच एका गोष्टीनं हळवा झालो.

तिथला मुदपाकखाना बघावा असा. फरश्यांनी मढवलेला, गगनाला भिडलेला धुरांडा, आणि आल्कोआ नदीचं पाणी पाटानं थेट स्वयंपाकघरात आणलेलं. आणि एक अरुंद दार. ज्या साधूला त्यातून जाता येईना त्यानं उपास करायचा, अशी कथा. मी आदल्या रात्री अंड्याच्या बलकाची मिठाई खाल्ली होती. पूर्वी मठांमधून पांढरा भाग कपड्यांच्या खळीला आणि वाईन नितळ करायला जायचा, उरलेल्या पिवळ्या बलकांचं करायचं काय, तर साखर. आपल्या कंदी पेढ्याला तोड नाही म्हणणारा मी, सहा नग संपवून बसलो होतो. मेहुणा म्हणाला, “दाजी, बघा ना जातंय का?” मी दारासमोर उभं राहून श्वास आत घेतला आणि लगेच बाहेर सोडला. जर्सीच्या मागच्या खिशात तीन केळी होती, म्हणून नाहीतर सहज गेलो असतो.

नझरे हे नाव ऐकून मला उगीच बरं वाटलं होतं. जेजुरीजवळ नाझरे धरण आहे, म्हणजे गाव आपलंच. पण तिथं पोचेपर्यंत समोरून समुद्राचा वारा लागला, नोर्ताडा. चढ परवडला, चढाला निदान शेवट तरी असतो. समुद्राच्या वर ११० मीटर उंच कडा आहे आणि त्यावर, विचारायलाच नको, देऊळ. ११८२ मध्ये दों फुआश नावाचा सरदार धुक्यात हरणामागं घोडा फेकत आला, हरीण कड्यावरून खाली गेलं, यानं माउलीचा धावा केला आणि घोडा टोकावर थांबला. लोक माउलीचा चमत्कार म्हणतात. घोड्याच्या बाजूचं कुणी बोलत नाही. मला वाटतं त्याचंही दुखत असणार.

कड्यावर जायला १८८९ पासून रुळांवरची गाडी आहे. मी तिच्याकडं आशेनं बघितलं. “कशाला दाजी, रस्त्यानं जरासं—”

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. सायकल त्याच्या हातात दिली आणि समुद्रासमोरच्या खाणावळीत गेलो. आतल्या पोरानं हसून खुर्ची ओढून दिली. मी त्याला मान हलवून नको म्हटलं, आणि मासे येईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभाच राहिलो.